चांद्याच्या थंडीतलं चोरीस

बल्लारपूरसारख्या गावात डुकराचं सॉसेज घरी करायची पद्धत कुठून आली, असं मला कोणी विचारलं की मी उलट विचारते, तुमच्या आजीच्या घरी पावसाळ्याआधी काय काय वाळवलं जायचं? मग यादी सुरू होते. मोहफुलं, वास्ते (बांबूचे कोंब), अंबाडीचा पाला, सांडगे, कुरड्या, सुकट. यादी तिथे थांबते. मटण-मांसाचं नाव कोणी घेत नाही. मला मात्र त्या न घेतलेल्या नावाबद्दलच लिहायचं आहे, कारण चंद्रपूर-गडचिरोलीच्या घरांत मांस टिकवायची रीत चांगली जुनी आहे. गोव्याचं चोरीस, म्हणजे हेच सॉसेज, आमच्या कागद गिरणीच्या कॉलनीत आलं तेव्हा ते मोकळ्या जागेवर आलं नव्हतं.

मुळात कारण पाऊस आहे. आज समृद्धी महामार्गाच्या गप्पा मारणाऱ्यांना खरं वाटणार नाही, पण जुन्या चांदा (आजच्या चंद्रपूर-गडचिरोली) जिल्ह्यात पावसाळा म्हणजे वाटा बंद. वैनगंगा, प्राणहिता, इंद्रावती या मोठ्या नद्या झाल्या. त्यांना मिळणारे शेकडो नाले वेगळेच. भामरागडला तर पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती एकत्र येतात. पर्लकोटेच्या पुलावरून पाणी गेलं की भामरागड तुटलं, ही बातमी वर्षानुवर्षं छापून येत आली आहे. 1973 च्या डिसेंबरात बाबा आमट्यांनी भामरागडजवळच्या हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, तेव्हा तिथल्या कार्यकर्त्यांना पावसाळ्याच्या कित्येक महिन्यांचं धान्य-मीठ-रॉकेल आधीच भरून ठेवावं लागायचं. त्या वेळी गडचिरोली वेगळा जिल्हाही नव्हता. तो 26 ऑगस्ट 1982 ला चंद्रपुरातून वेगळा झाला. जिथे चार महिने बाजार भरत नाही, तिथे माणूस साठवण शिकतोच. ज्याच्या हाती जे लागतं, तो ते वाळवतो.

माझ्या आजीच्या हाती मांस लागायचं. आम्ही पूर्वाश्रमीचे महार. आजीच्या घरी दोरीवर चान्या वाळत असायच्या. मांसाच्या बोटभर रुंद लांब पट्ट्या कापायच्या, मीठ चोळायचं, उन्हात कडकडीत वाळवायच्या आणि गाडग्यात भरून तोंड बांधायचं. पावसात भाजी नसली की दोन तुकडे निखाऱ्यावर भाजून, ठेचून, अंबाडीत किंवा डाळीत टाकायचे. ही रीत मराठवाड्यातही होती. शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ 2015 मध्ये आलं, त्यात दलित स्वयंपाकघरातले असे पदार्थ त्यांनी प्रथमच एवढ्या मोकळेपणाने नोंदवले. तोवर पाककृतींच्या शेकडो मराठी पुस्तकांत चान्यांना चार ओळींचीही जागा नव्हती.

चान्यांचा इतिहास साधा नाही. पूर्वी त्यातलं बरंचसं मांस गावकीच्या कामात ओढून न्याव्या लागणाऱ्या मेलेल्या ढोरांचं असायचं. 1927 मध्ये महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडा असं सांगितलं. ते आमच्या आजोळी ऐकलं गेलं. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि दोनच दिवसांनी, 16 ऑक्टोबरला, बाबासाहेब चांद्याला आले. आजी तिथल्या मैदानावर होती. घरी आल्यावर तिने देव्हाऱ्यातले देव काढले. चान्यांची दोरी मात्र काढली नाही. मेलेल्याचं खायचं नाही, विकत घेतलेलं खायला कोणाची लाज, असा तिचा सरळ हिशेब होता. त्या चान्या 2015 पर्यंत कशाबशा टिकल्या. त्या वर्षी राज्यात बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली आणि तो पदार्थ आमच्या बाजूला संपल्यातच जमा झाला. ज्या वर्षी पुस्तक आलं, त्याच वर्षी पदार्थ गेला.

डुकराची गोष्ट निराळी. ती मला आमच्या सिस्टरने शिकवली. ती भामरागडकडची माडिया, दवाखान्यात नर्स. कॉलनीत सगळे तिला सिस्टरच म्हणायचे. मी शाळेत शिकवत होते, म्हणून ती मला ‘बाई’ म्हणायची. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमातींना सरकार विशेष असुरक्षित आदिवासी गट मानतं. कागदावरचे हे शब्द ऐकले की सिस्टर हसायची. तिच्या गावात जवळजवळ प्रत्येक घरी डुकरं. दिवसा ती गावभर फिरणार, मोहाच्या झाडाखाली गळलेली फुलं खाणार, संध्याकाळी आपापल्या घरी येणार. पण डुक्कर कापणं हे रोजच्या जेवणासाठी कधी नाही. लग्न, मयत, देवाचं काम, नव्या धान्याचा सण, अशा वेळीच. कापल्यावर वाटे पडायचे. पानांवर मांसाचे सारखे ढीग लावायचे, प्रत्येक घराला एक. घरात एकटी म्हातारी असली तरी तिचा वाटा पूर्ण. सिस्टर म्हणायची, “आमच्याकडे डुक्कर एका घराचं नसते, बाई. पाळते एक जण, खाते गाव.”

विल्यम ग्रिगसन या ब्रिटिश अधिकाऱ्याने इंद्रावतीपलीकडच्या बस्तरमधल्या माडियांवर 1938 मध्ये जाडजूड ग्रंथ लिहिला. अशा ग्रंथांत सण आणि बळी भरपूर सापडतात. उरलेल्या मांसाचं दुसऱ्या दिवशी काय होतं, हे मात्र बाईमाणसाला विचारावं लागतं. मी सिस्टरच्या आईला विचारलं. तिच्या चुलीच्या वर बांबूची ताटी टांगलेली होती. त्यावर मासे, मांसाचे तुकडे, बियाण्याची कणसं, सगळं एकत्र. खाली दिवसभर धूर. धुराने कीड लागत नाही आणि पावसाळी हवेतही वस्तू ओलावत नाही. आमच्या आजीकडे ऊन, सिस्टरच्या आईकडे धूर, एवढाच फरक. मांसातलं पाणी घालवायचं हे दोघींनाही कळलेलं होतं.

आतड्यात मांस भरायची कल्पना तरी परकी असेल, असं मला बरीच वर्षं वाटायचं. तेही खरं नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने सुमारे 1129 मध्ये ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. कल्याणी म्हणजे बिदर जिल्ह्यातलं आजचं बसवकल्याण, आपल्या सीमेला लागूनच. त्यातल्या अन्नविषयक भागात डुकराचे केस कसे काढायचे, ते कसं भाजायचं याचं वर्णन आहे आणि जनावराच्या आतड्यात मसाल्याचं सारण भरून निखाऱ्यावर भाजण्याची कृतीही आहे. पोर्तुगीज या किनाऱ्याला लागण्याच्या साडेतीनशेहून अधिक वर्षं आधीची ही गोष्ट. त्या कृतीत मिरची नाही, कारण मिरची तेव्हा या खंडात आलेलीच नव्हती. म्हणजे राजाच्या पाकघरातही डुक्कर होतं, माडियाच्या अंगणातही होतं. मधल्या वर्णांच्या ताटातून ते हळूहळू निघालं. रानडुकराच्या शिकारीत मोठेपणा आणि गावडुकरात विटाळ, असा भेद मात्र पक्का झाला.

गोव्याचं चोरीस या सगळ्यात उशिरा येतं. 1510 मध्ये अफोन्सो द अल्बुकर्कने गोवा घेतला. त्याच्या माणसांबरोबर पोर्तुगालची सॉसेजची सवय आली आणि त्याच शतकात अमेरिकेतली मिरचीही आली. तिकडे सॉसेजात लाल पाप्रिका आणि वाइन घालत. इथे वाइन महाग, म्हणून माडाच्या सुरेचं व्हिनेगर आलं. पाप्रिकाच्या जागी तिखट मिरची आली; आलं, लसूण, जिरं, मिरी, दालचिनी, लवंग इथल्या बाजारातलीच. युरोपात डुक्कर हा धर्माच्या परीक्षेचाही विषय होता. जबरदस्तीने ख्रिस्ती केलेले ज्यू आणि मुसलमान डुक्कर खातात की नाही, यावर इन्क्विझिशनची, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाची, नजर असे. पोर्तुगालच्या मिरांदेलाकडे ‘आल्येइरा’ नावाचं सॉसेज आहे. ज्यू घरांनी पाव आणि कोंबडीचं मांस भरून ते केलं, म्हणजे दारावर टांगलेलं पाहून शेजाऱ्याला डुकराचंच वाटावं, अशी त्याची कथा सांगतात. गोव्यातही 1560 पासून 1812 पर्यंत इन्क्विझिशन होतं आणि नव्या ख्रिस्ती घरात काय शिजतं यावर त्याचं लक्ष असे. आज आपण पावात घालून चवीने खातो त्या चोरीसमागे हाही भूतकाळ आहे.

पण गोव्याच्या घरात चोरीस टिकलं ते पावसामुळेच. मे महिन्यात तिथे पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, खरेदी चालते. सुकी मासळी, मिरची, कांदे, चिंच, कोकम, तांदूळ आणि चोरीसच्या माळा. पावसाळ्यात समुद्रात होड्या जात नाहीत, ताजी मासळी मिळत नाही, तेव्हा दोऱ्यात ओवलेले हे मणी एकेक करून उतरवायचे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात अजूनही ते माळांनी विकले जातात. मुंबईला नोकरीला गेलेल्या गोवेकरांच्या ट्रंकेत ते असायचं. धोबीतलावच्या कुडांमध्ये, म्हणजे गावकऱ्यांनी चालवलेल्या वसतिगृहांत, ते शिजायचं. फ्रिजशिवाय आगगाडीत न नासणारं मांस, हा त्याचा सगळ्यात मोठा गुण.

तसंच ते बल्लारपूरला आलं. आमचं गाव नावाने गोंड राजांचं, खांडक्या बल्लाळशाहाचं. किल्ला वर्धा नदीच्या काठावर अजून उभा आहे. पण त्याला आजचं रूप दिलं ते कोळसा, रेल्वे आणि कागद यांनी. 1920 च्या दशकाच्या अखेरीस काझीपेट-बल्लारशा लाइन पूर्ण झाली आणि मद्रास-दिल्ली हा सरळ मार्ग इथून जाऊ लागला. 1945 मध्ये थापरांची कागद गिरणी कंपनी नोंदली गेली. चांद्याच्या जंगलातला बांबू हा तिचा कच्चा माल. गिरणीच्या कॉलनीत पंजाबी, तेलुगू, बंगाली, मलयाळी, वऱ्हाडी आणि झाडीपट्टीतली माणसं भिंतीला भिंत लावून राहायची. आमच्या रांगेतलं शेवटचं क्वार्टर एका गोवेकर कुटुंबाचं होतं. साहेब प्रयोगशाळेत, बायको घरी. तिला सगळी कॉलनी आंटी म्हणायची.

आंटीने पहिल्यांदा चोरीसचा घाट घातला तो पौषात, आणि त्याला कारण होतं. गोव्यात मेच्या उन्हात करतात ते इथे करून चालत नाही. चंद्रपूरचा मे 46-47 अंशांपर्यंत जातो. त्या उष्म्यात मीठ आत पोचायच्या आधीच मांस सडेल. आमची थंडी मात्र कोरडी आणि रात्री चांगली गार. समुद्राकाठी ही कोरडी हवा मिळत नाही, आम्हाला ती फुकट होती. आंटीने हे पहिल्याच वर्षी ओळखलं.

डुक्कर सकाळी आणलं जायचं आणि रांगेतल्या सगळ्या खाणाऱ्या घरांनी पैसे घातलेले असायचे. मांस हाताने कापायचं, खिमा नाही. चण्यापेक्षा मोठे, बोराएवढे तुकडे. तीन भाग मांस, एक भाग चरबी. किलोमागे मूठभर जाडं मीठ चोळून चाळणीवर ठेवायचं, वर पाटा उलटा ठेवून दाब द्यायचा. रात्रभरात गुलाबी पाणी निथळून खालच्या परातीत यायचं. आंटी म्हणायची, “मीठ कमी घातलं तर मांस रडत नाही. रडलं नाही तर कुजतं.” आजी तेव्हा आमच्याकडे राहायला होती. ती खुर्चीवर बसून बघायची. तिला कोणी समजावून सांगावं लागलं नाही. “हे आमच्या चान्यावानीच आहे,” ती म्हणाली, “तुम्ही फक्त कापडं घालून राहिले त्याले.”

मसाल्यात आमचा हात होता. गोव्याच्या मिरच्या इथे मिळत नसत, म्हणून भिवापुरी घेतली. रंग लालभडक, साल जाड, वाटली की गोळा घट्ट होतो. आंटी आधी नाक मुरडायची, नंतर गोव्याला जाताना तीच मिरची पिशवीभर घेऊन जायची. सगळं वाटायचं ते व्हिनेगरमध्ये, पाण्याचा थेंब नाही. माडाच्या व्हिनेगरची बाटली गोव्याहून यायची. ती संपली तेव्हा सिस्टरने शिंदीचा उपाय काढला. शिंदीच्या झाडाची ताडी आंबत ठेवली की थोड्या दिवसांत तिचं आंबट पाणी होतं, व्हिनेगरच ते. गोव्यात मसाल्यात घालतात त्या फेणीच्या जागी मोहाची दारू आली. गडचिरोलीत 1993 मध्ये दारूबंदी झाली. आमच्या जिल्ह्यात ती 1 एप्रिल 2015 पासून आली आणि 2021 मध्ये उठली. त्या वर्षांत मसाल्यात मोहाची घालणं बंद झालं. चव थोडी बदलली, टिकायला काही अडलं नाही; टिकवायचं काम मीठ, आंबट आणि कोरडी हवा करत होती.

आतडी धुणं हे सगळ्यात नावडतं काम. ते सिस्टर आणि आजीने आपणहून घेतलं. काडीवर उलटी करायची, मिठाने आणि लिंबाने चोळायची, पाणी नितळ येईपर्यंत धुवायची. मसाल्यात दीड-दोन दिवस मुरलेलं मांस नरसाळ्याने भरायचं, दोन बोटांवर दोरा आवळायचा आणि सुईने बारीक टोचून हवा काढायची. मणी छोटेच ठेवायचे. याचंही कारण आहे. जर्मनीतल्या वुर्टेमबर्गमध्ये युस्टिनुस केर्नर नावाचा डॉक्टर होता, कवीही होता. तिथे जाड सॉसेज खाऊन माणसं लुळी पडून मरत होती. 1820 ते 1822 च्या सुमारास त्याने या विषबाधेचा पहिला नीट अभ्यास केला. जाड सॉसेजच्या पोटात हवा पोचत नाही. मीठ आणि आंबट कमी पडलं तर तिथेच विष तयार होतं. आंटीने केर्नरचं नाव ऐकलेलं नव्हतं. तिच्या सासूने लहान मणी बांधायला शिकवले होते, म्हणून ती लहान बांधायची.

माळा आधी पडवीत दोरीवर, दिवसा ऊन आणि रात्री गार वारा. मग सिस्टरच्या सल्ल्याने मागच्या चुलीवर, धावड्याच्या मंद धुरावर. गोव्यातही चुलीवर टांगतातच, पण इथला धूर निराळा लागतो. पंधरा-वीस दिवसांत मणी आकसून काळपट लाल व्हायचे. मग वाटे. आंटीने पहिल्या वर्षी पैशांच्या हिशेबाने वाटे लावले. सिस्टरने पुढच्या वर्षी ते मोडले. जिने पैसे दिले नव्हते पण आतडी धुतली, तिलाही तेवढीच माळ. जे घर खात नव्हतं त्याला त्या दिवशी डाळ-भात. शेजारची तेलुगू वहिनी डुकराला हात लावत नसे. ती दोरा कापून द्यायची आणि चहा करायची. कॉलनीत असे दिवस जातीच्या चर्चेशिवाय पार पडत होते असं मी म्हणणार नाही. कुजबुज व्हायची. डुक्कर खाणाऱ्यांच्या घरी पाणी न पिणारेही होते. पण ज्यांना यायचं ते यायचे आणि दरवर्षी एखादं घर वाढायचं.

एक गोष्ट मात्र सिस्टरने कधी सैल सोडली नाही. गावडुकराच्या मांसात साबुदाण्याएवढे पांढरे दाणे दिसले की ते मांस जमिनीत पुरायचं, पैसे गेले तरी. ती पट्टकृमीच्या अळ्यांची घरं असतात. त्याच कृमीची अंडी घाणीतून पोटात गेली तर अळ्या माणसाच्या मेंदूपर्यंत पोचतात आणि फिट्स येतात. दवाखान्यात असे रुग्ण तिने पाहिले होते. नंतर बांधून, खाऊ घालून वाढवलेली पांढरी विलायती डुकरं मिळू लागली, तेव्हा ती निर्धास्त झाली. तरीही चोरीस पूर्ण शिजवूनच खायचं, हा नियम राहिला. आणि रानडुक्कर कधी नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार गुन्हा आहे. पीक नासतं म्हणून वनखातं रानडुक्कर मारायची परवानगी देतं, तेही ठरलेल्या अटींवर. घरच्या मांसाचा तो मार्ग नव्हे.

आता आंटीचं कुटुंब मडगावला आहे. सिस्टर निवृत्त होऊन अहेरीला स्थायिक झाली. आजी गेली. घरोघर फ्रिज आले, भामरागडच्या रस्त्यावर डांबर आलं, सॉसेजची पाकिटं नागपूरहून येतात. पावसाळ्यासाठी मांस टिकवायची गरज आता फार थोड्या घरांना उरली आहे आणि ती उरली नाही याचं मला दुःख नाही. ती गरज म्हणजे अडकलेल्या वाटा होत्या, भूक होती.

माझं म्हणणं एवढंच आहे, की चोरीस गोव्याचं, चान्या महारांच्या, धुरावरचं मांस माडियांचं, अशी वाटणी करून आपण तीन समाजांच्या तीन विचित्र सवयी मोजत बसतो. प्रत्यक्षात हे एकाच प्रश्नाला दिलेलं उत्तर आहे आणि आमच्या मागच्या अंगणात ते एकाच परातीत आलं होतं. वाळवणाची मराठी पुस्तकं पापड-कुरड्यांपाशी थांबतात, ती अर्धीच आहेत. म्हणून झाडीपट्टीतल्या वाचकांना विनंती, की घरात म्हातारी माणसं असतील तर त्यांना विचारा. कोणतं मांस, कोणत्या महिन्यात, किती मीठ, कोणत्या लाकडाचा धूर आणि वाटे कोणाकोणाला, हे सगळं लिहून घ्या. लाजेखातर काही गाळू नका.